पत्राची मोहोर आणि शासनाचा अधिकार

भोर संस्थानच्या अधिपतींना ‘पंतसचिव’ म्हणत. हे नुसते बिरुद नव्हते. ते एका कामाचे नाव होते. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ मध्ये, अष्टप्रधानांची जी कामे ठरवून देण्यात आली, त्यांत राजपत्रे तपासण्याचे काम सचिवाकडे होते. दरबारातून निघणारे पत्र सचिवाने वाचावयाचे, त्यातील अधिकउणा मजकूर शुद्ध करावयाचा आणि त्यावर आपली खूण करावयाची, अशी ती व्यवस्था होती. त्या वेळी हे पद अण्णाजी दत्तो यांच्याकडे होते. पुढे राजाराम महाराजांच्या कारकीर्दीत ते शंकराजी नारायण यांच्याकडे आले आणि त्यांच्याच घराण्याने भोर येथे राज्य केले. १९४८ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले.

सचिव जी पत्रे वाचीत ती राज्याची पत्रे होत. रयतेने रयतेस लिहिलेली पत्रे वाचणे हे त्यांच्या पदाचे काम नव्हते. राज्याचे पत्र आणि व्यक्तीचे पत्र यांतील हा भेद आज, पत्रे कागदावरून संगणकावर आली असतानाही, विसरून चालण्यासारखा नाही. ई-मेलचा मजकूर कूटलिपीत बदलून पाठविणाऱ्या सेवा आता कोणालाही मोबाइलवर मिळू शकतात. अशा सेवेतून गेलेले पत्र शासनाला वाचता येते काय, कोणाच्या आज्ञेने आणि कोठपर्यंत, हे प्रश्न भोर व वेल्हे तालुक्यांतील शाळांत आणि ग्रामपंचायतींतही विचारले जाऊ लागले आहेत. वेल्हे तालुक्यास आता राजगड असे नाव देण्यात आले आहे. ज्या गडाचे हे नाव, त्या गडाला पत्राच्या गुप्ततेचे महत्त्व नव्याने सांगावयास नको.

कारीचे फर्मान

भोर तालुक्यातील कारी हे कान्होजी जेधे यांचे गाव. १६५९ च्या जून महिन्यात, अफजलखानाच्या स्वारीच्या तोंडावर, विजापूरच्या अली आदिलशहाने मावळातील देशमुखांना फर्माने पाठविली. खानास सामील व्हावे, नाही तर परिणामास तयार राहावे, असा त्यांचा आशय होता. असे एक फर्मान कान्होजींनाही आले. ते वाटेत कोणी फोडले नाही. त्यावरील शिक्का अभंग राहिला आणि ते ज्याला लिहिले होते त्याच्याच हाती पडले. परंतु कान्होजींनी ते आपणहून शिवाजी महाराजांपुढे ठेवले आणि मुलांसह स्वराज्याची बाजू धरली. जेधे घराण्याच्या कागदपत्रांमुळे ही हकीकत आज आपल्याला ज्ञात आहे.

कूटबद्ध ई-मेलचा विचार करताना ही हकीकत ध्यानात ठेवावी. मोहोर पत्राचे रक्षण करते ते वाटेवर. पत्र पोहोचल्यावर ते कोणास दाखवावे हे पत्र घेणाऱ्याच्या इच्छेवर असते. कोणतीही कूटलिपी त्याला बांधून ठेवू शकत नाही. जगातील अनेक तपासांत गुप्त संदेश उघडकीस आले ते कूटलिपी फुटली म्हणून नव्हे, तर संदेश घेणाऱ्याने ते दाखविले म्हणून, किंवा त्याचा मोबाइल उघडा सापडला म्हणून.

अंकपल्लवीपासून दोन किल्ल्यांपर्यंत

महाराष्ट्राला कूटलेखन नवे नाही. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत शतकानुशतके जतन केले. त्या लिप्यांचा उलगडा विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे व वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या परिश्रमाने झाला, आणि मग मराठीतील सर्वांत जुन्या गद्याचे दालन खुले झाले. अंकपल्लवी व करपल्लवी हे शब्द तर आपल्या आजीआजोबांच्या पिढीला ठाऊकच होते.

अंकपल्लवीची एक सोपी रीत अशी. क, च, ट, त, प, य या वर्गांना अनुक्रमे १ ते ६ अंक द्यावेत. पहिला अंक वर्गाचा, दुसरा त्या वर्गातील अक्षराचा आणि तिसरा बाराखडीतील स्थानाचा. ‘भोर’ हा शब्द लिहावयाचा तर भ हे प-वर्गातील चौथे अक्षर आणि ‘भो’ हे बाराखडीतील नववे स्थान, म्हणून ५-४-९. र हे य-वर्गातील दुसरे अक्षर, म्हणून ६-२-१. ज्याला रीत माहीत त्याला शब्द माहीत. या पद्धतीचे दौर्बल्यही येथेच आहे. लिहिणारा आणि वाचणारा यांच्यापाशी एकच किल्ली असते आणि ती किल्ली एकाकडून दुसऱ्याकडे पोहोचवावी लागते. वाटेत ती चोरीला गेली की सारेच गेले.

या अडचणीवर १९७० च्या दशकात मार्ग निघाला. १९७६ मध्ये डिफी व हेलमन या अमेरिकन संशोधकांनी दोन किल्ल्यांची कल्पना मांडली आणि १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांनी ती गणिताने प्रत्यक्षात आणली. कल्पना अशी : गावातील एखाद्या गृहस्थाने आपल्या बनावटीची पुष्कळ उघडी कुलुपे चावडीवर ठेवून द्यावीत. ज्याला त्याच्याकडे काही पाठवावयाचे असेल त्याने पेटीला त्यातील एक कुलूप लावून ती पाठवावी. कुलूप लावणे कोणालाही जमते. उघडण्याची किल्ली मात्र त्या गृहस्थाच्या घरीच असते आणि ती कधी घराबाहेर पडत नाही. संगणकात कुलपाच्या जागी एक प्रचंड संख्या असते. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे, पण गुणाकारावरून त्या दोन संख्या शोधणे अतिशय कठीण, या अंकगणितावर हे कुलूप उभे आहे. आज प्रचलित असलेल्या अशा एका कुलपातील संख्या ६१७ अंकी असते. १९९१ मध्ये अमेरिकेतील फिलिप झिमरमन यांनी ही पद्धत सामान्य माणसाच्या ई-मेलसाठी उपलब्ध करून दिली. त्याबद्दल त्यांच्यामागे काही वर्षे सरकारी चौकशीचा ससेमिराही लागला. १९९६ मध्ये ती चौकशी आरोप न ठेवता बंद झाली.

किल्ली कोणाजवळ?

सर्वसाधारण ई-मेल आणि कूटबद्ध ई-मेल यांतील फरक टपालाच्या भाषेत सांगता येईल. नेहमीच्या सेवांतून जाणारे पत्र पोस्टकार्डासारखे अगदी उघडे नसते. वाटेवर ते बंद पिशवीतून जाते. परंतु पिशवीची किल्ली सेवा चालविणाऱ्या कंपनीकडे असते, त्यामुळे कायदेशीर आज्ञा आल्यास कंपनी मजकूर काढून देऊ शकते. दुसऱ्या प्रकारच्या सेवेत पत्र लिहिणाऱ्याच्या यंत्रावरच कुलूपबंद होते आणि वाचणाऱ्याच्या यंत्रावरच उघडते. मधल्या कंपनीकडे कुलूपबंद पेटी असते, किल्ली नसते.

स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा येथील प्रोटॉन मेल ही २०१४ मध्ये सुरू झालेली सेवा या दुसऱ्या प्रकारची म्हणून प्रसिद्ध आहे. मात्र तिच्याविषयीच्या समजुतींत अतिशयोक्ती पुष्कळ आहे. या सेवेच्या दोन ग्राहकांमधील पत्राचा मजकूर कंपनीला वाचता येत नाही हे खरे. परंतु पत्राचा विषय, पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता आणि वेळ या गोष्टी त्या कुलपाच्या आत नसतात. साध्या सेवेतून आलेले पत्र तर तिच्या दारापर्यंत साध्याच रूपात येते. २०२१ मध्ये फ्रान्समधील एका प्रकरणात स्विस अधिकाऱ्यांच्या आज्ञेवरून या कंपनीने एका ग्राहकाचा इंटरनेट पत्ता नोंदवून दिला. मजकूर गुप्त राहिला, माणूस मात्र सापडला. लिफाफा बंद असला तरी त्यावरील पोस्टाचा शिक्का सर्वांना वाचता येतो, तसाच हा प्रकार.

किल्लीच्या प्रश्नाने महाराष्ट्रालाही एकदा थेट स्पर्श केला होता. मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर सुरक्षा यंत्रणांचे लक्ष ब्लॅकबेरी या त्या काळच्या लोकप्रिय कॅनेडियन फोनकडे वळले. २०१० मध्ये केंद्र सरकारने कंपनीला संदेश वाचण्याची सोय द्या, नाही तर सेवा बंद करू, असे बजावले. दीर्घ वाटाघाटींनंतर कंपनीने मुंबईत सर्व्हर उभारला आणि सामान्य ग्राहकांच्या संदेशांपुरती सोय झाली. मोठमोठ्या उद्योगसंस्था वापरीत असलेल्या ई-मेलची किल्ली मात्र त्या त्या संस्थेकडेच होती. जी किल्ली आपल्याकडे नाही ती आपण देऊ शकत नाही, हे कंपनीचे म्हणणे अखेरपर्यंत कायम राहिले.

कायदा काय सांगतो

पत्र उघडण्याचा अधिकार शासनाला आज मिळाला असे नाही. भोर संस्थानाने १८७९ मध्ये स्वतःची अर्ध्या व एका आण्याची टपाल तिकिटे काढली, त्याच काळात ब्रिटिश हिंदुस्थानात तार व टपाल यांचे कायदे आकारास येत होते. १८८५ च्या तार अधिनियमाने तार अडविण्याचा आणि १८९८ च्या टपाल अधिनियमातील कलम २६ ने पत्र अडवून उघडण्याचा अधिकार सरकारला दिला. अट एवढीच की सार्वजनिक आणीबाणी असावी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचे हित असावे. परकीय सत्तेने या कलमाचा उपयोग कसा केला हे स्वातंत्र्यसैनिकांच्या आठवणींतून आपण वाचलेच आहे. दुसऱ्या महायुद्धात तर ‘सेन्सॉरने उघडले’ असा शिक्का असलेली पाकिटे घरोघर येत.

स्वातंत्र्यानंतरही हे कलम राहिले. ते अधिक व्यापक करणारे विधेयक १९८६ मध्ये संसदेने संमत केले, परंतु राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी त्यास संमती दिली नाही. ते विधेयक वर्षानुवर्षे पडून राहिले आणि २००२ मध्ये मागे घेण्यात आले. १८९८ च्या अधिनियमाची जागा आता टपाल कार्यालय अधिनियम, २०२३ याने घेतली असून तो १८ जून २०२४ पासून अमलात आहे. त्यातील कलम ९ अन्वये टपाल उघडण्याचा अधिकार कायम आहे. दूरध्वनी व तत्सम संदेशांसाठी दूरसंचार अधिनियम, २०२३ मधील कलम २० हे २६ जून २०२४ पासून लागू झाले आहे.

ई-मेलच्या बाबतीत मुख्य तरतूद आहे ती माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ६९. देशाचे सार्वभौमत्व व एकात्मता, संरक्षण, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, या बाबींसंबंधीच्या दखलपात्र गुन्ह्याच्या चिथावणीस प्रतिबंध आणि कोणत्याही गुन्ह्याचा तपास, एवढ्या कारणांसाठी संगणकातील माहिती अडविण्याची, पाहण्याची किंवा तिचा कूटभेद करण्याची आज्ञा देता येते. येथे जुन्या कायद्यातील आणीबाणीची अट नाही आणि ‘कोणत्याही गुन्ह्याचा तपास’ हे शब्द फार विस्तृत आहेत, ही गोष्ट नजरेआड करता येणार नाही.

अधिकार विस्तृत असला तरी तो कोणीही वापरावा असा नाही. २७ ऑक्टोबर २००९ रोजी प्रसिद्ध झालेल्या नियमांनुसार केंद्रात गृहसचिव आणि राज्यात गृह विभागाचे प्रभारी सचिव हेच सक्षम प्राधिकारी आहेत. आज्ञा लेखी हवी, तीत कारणे नमूद हवीत, आणि तीच माहिती अन्य मार्गाने मिळण्यासारखी आहे काय याचा विचार आधी झालेला हवा. आज्ञा ६० दिवसांपर्यंत चालते; मुदत वाढविली तरी एकूण १८० दिवसांपलीकडे नेता येत नाही. दुर्गम भागात किंवा तातडीच्या प्रसंगी पूर्वमंजुरी शक्य नसेल तर राज्यातील पोलीस महानिरीक्षकाच्या दर्जाहून कमी नसलेला प्राधिकृत अधिकारी तात्पुरती मंजुरी देऊ शकतो. परंतु त्याने तीन कामकाजाच्या दिवसांत सक्षम प्राधिकाऱ्यास कळविले पाहिजे आणि सात कामकाजाच्या दिवसांत मान्यता मिळाली नाही तर काम थांबले पाहिजे. सह्याद्रीच्या कुशीतील वेल्ह्यासारख्या तालुक्यात ‘दुर्गम भाग’ हे शब्द सहज सुचतील, म्हणून ही मर्यादा मुद्दाम येथे नमूद केली आहे.

कूटबद्ध सेवांच्या दृष्टीने याच नियमांतील एक उपनियम सर्वांत महत्त्वाचा आहे. सेवा देणाऱ्या कंपनीला कूटभेद करण्याची आज्ञा देता येते ती कंपनीने स्वतः मजकूर कूटबद्ध केला असेल किंवा किल्ली तिच्या ताब्यात असेल तेवढ्यापुरतीच. किल्ली ग्राहकाकडेच असेल तर कंपनीवरील आज्ञा तेथेच थांबते. मात्र कलम ६९ मधील साहाय्य करण्याचे बंधन प्रत्यक्ष वापरणाऱ्यावरही आहे, आणि साहाय्य नाकारल्यास सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. आरोपीने स्वतःचा पासवर्ड सांगितलाच पाहिजे काय, की स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नसावी हे घटनेचे संरक्षण त्याला येथेही मिळते, याविषयी न्यायालयांचे निर्णय एकमुखी नाहीत.

सप्टेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने कूटलेखन धोरणाचा एक मसुदा प्रसिद्ध केला होता. नागरिकांनी पाठविलेल्या कूटबद्ध संदेशाची साधी प्रत ९० दिवस जपून ठेवावी, असे त्यात होते. त्यावर एवढी टीका झाली की दुसऱ्याच दिवशी मसुदा मागे घेण्यात आला. पाठविलेल्या प्रत्येक पत्राची नक्कल घरी फडताळात ठेवा, असे सांगण्यासारखेच ते होते.

न्यायालयांनी घातलेल्या मर्यादा

दूरध्वनी टिपण्याच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९९६ रोजी दिलेला निर्णय हा या विषयाचा पाया होय. आज्ञा कोणी द्यावी, तिची मुदत किती असावी, तिचे पुनर्विलोकन कोणी करावे, हे न्यायालयानेच त्यात घालून दिले आणि पुढील नियम त्यावरूनच बनले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. शासनाचा हस्तक्षेप कायद्याने अधिकृत, उचित हेतूसाठी आणि गरजेच्या प्रमाणात असला पाहिजे, ही त्या निर्णयाची कसोटी आहे. या पीठातील न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निकालपत्रात आणीबाणीच्या काळातील ज्या निर्णयाला चुकीचे ठरविले, त्यात त्यांचे वडील न्या. यशवंतराव चंद्रचूड हे बहुमताच्या बाजूने होते. न्यायसंस्थेच्या इतिहासात असे प्रसंग क्वचितच घडतात.

ही कसोटी प्रत्यक्षात कशी लागते हे मुंबई उच्च न्यायालयाच्या २२ ऑक्टोबर २०१९ च्या निर्णयावरून दिसते. एका सार्वजनिक बँकेच्या अधिकाऱ्याला लाच दिल्याच्या आरोपात मुंबईतील एका व्यावसायिकाचे दूरध्वनी टिपण्याच्या तीन आज्ञा २००९ व २०१० मध्ये केंद्रीय गृह खात्याने दिल्या होत्या. आरोप गंभीर असला तरी त्यात सार्वजनिक आणीबाणी नव्हती की सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न नव्हता, असे सांगून न्यायालयाने तिन्ही आज्ञा रद्द केल्या आणि टिपलेले संभाषण नष्ट करण्यास फर्माविले. याउलट संघटित गुन्हेगारीच्या बाबतीत महाराष्ट्राच्या १९९९ च्या ‘मोक्का’ अधिनियमातील संदेश टिपण्याच्या तरतुदी सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये वैध ठरविल्या. त्यांतील मंजुरी, मुदत व पुनर्विलोकन यांच्या बंधनांचा या निर्णयात विचार झालेला आहे. कारण सबळ आणि रीत चोख असेल तर न्यायालये शासनाच्या मार्गात येत नाहीत, हे या दोन निर्णयांतून समजते.

पुनर्विलोकनाची बाजू मात्र लंगडी आहे. राज्यात मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली एक समिती दोन महिन्यांतून किमान एकदा बसते आणि दिलेल्या आज्ञा तपासते. समितीत न्यायाधीश नसतो. मुंबई उच्च न्यायालयात पूर्वी न्यायमूर्ती असलेले बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ च्या अहवालात केंद्रीय पातळीवरील चित्र दाखविले : पुनर्विलोकन समितीच्या एकेका बैठकीपुढे १५,००० ते १८,००० आज्ञा असतात. एवढ्या आज्ञा एका बैठकीत कोण कशा वाचणार? सचिवाने पत्र वाचून खूण करावी तशी ही खूण होऊ शकत नाही.

दुसऱ्या बाजूचे दुःखही खरे आहे. १ मे २०२४ रोजी दिल्ली व आसपासच्या शंभराहून अधिक शाळांना बॉम्ब ठेवल्याचे ई-मेल आले आणि सकाळी शाळेत सोडलेली मुले आणण्यासाठी पालक धावत सुटले. धमकी खोटी निघाली. कर्नाटक उच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात महिला कर्मचाऱ्यांविषयी अश्लील मजकूर व बनावट चित्रे प्रोटॉन मेलमधून पाठविण्यात आली होती आणि पाठविणारा सापडत नव्हता. २९ एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने ही सेवाच देशात रोखण्याची कार्यवाही करण्याचे आदेश केंद्र सरकारला दिले. ज्या महिलांची विटंबना झाली त्यांना किल्लीचे गणित सांगून समाधान होणार नाही, हे उघड आहे. तसेच एक सेवा बंद केल्याने ते गणित नाहीसे होत नाही, हेही तितकेच उघड आहे.

चावडीवर आणि शाळेत

तालुक्याच्या पातळीवर या कायद्याचा संबंध येतो तो निराळ्याच वाटेने. कलम ६९ ची आज्ञा बहुधा सेवा देणाऱ्या कंपनीकडे जाते. ती घेऊन कोणी मुख्याध्यापकाच्या दारी येत नाही. तपासात एखादा दस्तऐवज किंवा मोबाइल हवा असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली न्यायालय समन्स काढू शकते किंवा पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी लेखी आदेश देऊ शकतो, आणि झडती व जप्तीचे चित्रीकरण करणे आता कलम १०५ नुसार आवश्यक आहे. टपाल खात्याच्या ताब्यातील पत्र हवे असल्यास जिल्हा दंडाधिकारी किंवा न्यायालय यांच्याकडे जावे लागते. तोंडी हुकमावर एखाद्या शिक्षिकेचा किंवा ग्रामपंचायत सदस्याचा खासगी ई-मेल उघडून पाहण्याचा अधिकार तलाठ्यास, गटविकास अधिकाऱ्यास, सरपंचास किंवा शिपायास कोणत्याही कायद्याने दिलेला नाही. दूरध्वनीवरून पोलीस किंवा केंद्रीय तपास संस्थेचा अधिकारी असल्याचे सांगून पासवर्ड मागणारा, कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवणारा आणि ‘डिजिटल अटक’ केल्याचे बजावणारा इसम हा ठगच समजावा. अशी अटक आपल्या कायद्यात नाही. तक्रारीसाठी १९३० हा क्रमांक आहे.

शाळेला धमकीचे ई-मेल आल्यास ते पुसून टाकू नये आणि केवळ पडद्याचे छायाचित्र काढून दुसऱ्यास पाठवू नये. मूळ पत्र तसेच खात्यात राहू द्यावे, कारण ते कोणत्या मार्गाने आले याची नोंद मूळ पत्राबरोबरच असते आणि पोलिसांना तीच उपयोगी पडते.

राहिली ती राज्याची पत्रे. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या अधिनियमात ‘माहिती’ या शब्दाच्या व्याख्येत ई-मेलचा नावाने उल्लेख आहे. ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या कामाचा ई-मेल हा शासकीय अभिलेख होय, मग तो कोणाच्याही मोबाइलवरून गेलेला असो. घरकुलाची यादी, पाणीपुरवठ्याच्या कामाचा पत्रव्यवहार किंवा शिक्षकांच्या बदल्यांची टिपणे खासगी कूटबद्ध खात्यातून पाठविणे म्हणजे सचिवाच्या नजरेस न पडता राजपत्र बाहेर काढण्यासारखे आहे. असे पत्र नागरिकाने मागितले तर देता येत नाही आणि लेखापरीक्षणात सापडत नाही. शासकीय कामासाठी शासनाने दिलेलेच खाते वापरावे, असे आदेश यासाठीच आहेत.

या बाबतीत एक साधी अडचण वारंवार दिसते. ग्रामपंचायतीचे खाते एखाद्या अधिकाऱ्याच्या खासगी मोबाइल क्रमांकाला जोडलेले असते. त्याची बदली होते, कार्यभार यादीत टेबल, खुर्ची, दप्तरे, शिक्के यांची मोजदाद होते, आणि खात्याचा पासवर्ड तेवढा राहून जातो. नवा ग्रामपंचायत अधिकारी मग दुसरे खाते उघडतो व जुन्यातील पत्रे कायमची कुलूपबंद होतात. कार्यभार यादीत शिक्क्यांच्या खालोखाल ई-मेल खाते, त्याला जोडलेला क्रमांक आणि पासवर्ड बदलल्याची तारीख यांची एक ओळ वाढविली तर हे टळेल. ती ओळ वाढविण्यास कोणाच्याही पूर्वपरवानगीची आवश्यकता नाही.